रक्षक पेशींना कळते ‘आपले’ कोण

फ्लूच्या तापात अंग ठणकते, ते केवळ विषाणूमुळे नव्हे. त्याच्याशी शरीराने पुकारलेल्या लढाईचाही त्यात मोठा वाटा असतो. पण पेशीच्या आत दडून बसलेला विषाणू रक्षकांना कळतो कसा? हे कोडे सोडवण्यात मोलाचा वाटा उचलला तो जनावरांच्या एका डॉक्टराने!

पीटर डोहर्टी यांचा जन्म १९४० साली ऑस्ट्रेलियातील ब्रिस्बेनचा. क्वीन्सलँड विद्यापीठातून पशुवैद्यकाची पदवी घेतल्यावर ते स्कॉटलंडला गेले आणि १९७० साली एडिनबरा विद्यापीठाची डॉक्टरेट मिळवून मायदेशी परतले. कॅनबेराच्या जॉन कर्टिन संशोधन संस्थेत १९७३ मध्ये स्वित्झर्लंडचे तरुण डॉक्टर रॉल्फ झिंकरनागेल दाखल झाले. जागेची टंचाई, म्हणून दोघांना एकच प्रयोगशाळा मिळाली. ही अडचण पथ्यावरच पडली!

दोघांनी उंदरांच्या मेंदूच्या आवरणाला सूज आणणारा विषाणू अभ्यासाला घेतला. हा विषाणू स्वतः पेशींना फारशी इजा करत नाही. उंदीर दगावतो तो विषाणूवर तुटून पडणाऱ्या स्वतःच्याच ‘टी’ पेशींमुळे.

अशा आजारी उंदराच्या टी पेशी त्यांनी काचेच्या बशीत विषाणूग्रस्त पेशींवर सोडल्या. त्या पेशी उंदरांच्या त्याच वाणाच्या असल्या, की टी पेशी त्यांचा फडशा पाडत. वाण वेगळे असले, तर विषाणू तोच असूनही त्यांच्याकडे ढुंकूनही पाहत नसत. म्हणजेच टी पेशी एकाच वेळी दोन खुणा पडताळते : एक विषाणूची, दुसरी आपल्या शरीराची.

ही दुसरी खूण जुळली नाही, तर शरीर परका अवयव नाकारते, हे आधीच ठाऊक होते. पण निसर्गाने ती मुळात कशासाठी ठेवली, याचा उलगडा १९७४ साली या दोघांच्या शोधनिबंधांनी केला. लसी आणि स्वतःच्याच शरीरावर उलटणारे आजार, या दोन्हींच्या अभ्यासाला त्यातून नवी दिशा मिळाली. १९९६ साली दोघांना नोबेल पारितोषिक मिळाले. हा मान मिळवणारे डोहर्टी पहिले पशुवैद्य ठरले.

पुढे मेलबर्नमध्ये त्यांच्या नावाची संस्था उभी राहिली. जानेवारी २०२० मध्ये तिथल्या शास्त्रज्ञांनी चीनबाहेर प्रथमच नवा कोरोना विषाणू प्रयोगशाळेत वाढवला आणि जगभरच्या संशोधकांना देऊ केला. उंदरांच्या आजाराचा अभ्यास माणसाच्या काय कामाचा, असे विचारणाऱ्यांना याहून चांगले उत्तर कोणते?