जुनं रिव्हॉल्वर डावीकडे मारतं, तेव्हा

अमेरिकी लष्कराने १८७३ मध्ये स्वीकारलेल्या कोल्टच्या ‘सिंगल ॲक्शन आर्मी’ रिव्हॉल्वरवर नेम जुळवायला एकही स्क्रू नाही. मागे चौकटीच्या वरच्या पट्टीत कोरलेली खाच आणि पुढे नळीच्या टोकाशी पक्की बसवलेली माशी, एवढाच सरंजाम. घोड्यावर बसून वापरायचं हत्यार. त्यावर हलेल, वाकेल, हरवेल असं काही ठेवायचं नाही, हा हिशेब उघड होता. हार्टफर्डच्या कारखान्यात दुसऱ्या महायुद्धाच्या सुरुवातीपर्यंत ही रिव्हॉल्वरं साडेतीन लाखांहून जास्त बनली, आणि त्यांतली कित्येक अमेरिकेत आजही चालवली जातात. त्यांच्या मालकांची एक तक्रार ठरलेली: नेम मध्यावर धरला तरी गोळ्या डावीकडे जातात.

अशा वेळी जाणता कारागीर कानशीला हात लावत नाही. आधी तो कागदावरची भोकं पाहतो. सगळी भोकं मुठीएवढ्या जागेत, पण मध्यापासून चार बोटं डावीकडे असतील तर हत्यार निरोगी आहे, फक्त नेम सरकलेला आहे. भोकं कागदभर विखुरली असतील तर दुखणं वेगळं. सिलिंडरचं प्रत्येक घर नळीच्या नेमक्या समोर थांबत नसेल, नळीच्या तोंडाची कड मार बसून चेपली असेल, किंवा नळी आतून गंजाने खाल्ली असेल. तिथे माशी कितीही हलवा, उपयोग शून्य.

यानंतर संशय माणसावर. उजव्या हाताने मारणारा चाप बोटाच्या टोकाने दाबताना नळी नकळत डावीकडे ढकलतो, आणि अरुंद मुठीच्या या रिव्हॉल्वरमध्ये ते सहज घडतं. म्हणून हात वाळूच्या पिशवीवर टेकवून झाडायचं, मग तेच हत्यार दुसऱ्याच्या हाती द्यायचं, जमलं तर डावखुऱ्याच्या. प्रत्येकाच्या गोळ्या डावीकडेच गेल्या, तरच दोष लोखंडात.

आता उपाय. नियम एकच: गोळी ज्या बाजूला जाते, त्याच बाजूला माशी न्यायची. माशी डावीकडे गेली की तिला खाचेच्या मधोमध आणण्यासाठी नळी उजवीकडे वळवावी लागते, आणि गोळी मध्याकडे येते. किती न्यायची, हे साध्या त्रैराशिकाने निघतं. खाच आणि माशी यांत २०० मिलिमीटर अंतर धरा. २० मीटरवर गोळी १० सेंटिमीटर चुकत असेल तर माशी सरकवायची फक्त १ मिलिमीटर.

हा मिलिमीटर मिळवायची जुनी, पक्की रीत म्हणजे नळीच किंचित फिरवणं. नळी चौकटीत आट्यांनी बसवलेली असते आणि माशी नळीवर. नळी फिरली की माशीही कलते. आटे उजवे असल्याने आवळताना माशी नेमबाजाच्या डावीकडे जाते. म्हणजे डावीकडे मारणाऱ्या रिव्हॉल्वरचा उपाय आवळण्यात आहे. उजवीकडे मारणाऱ्याची नळी सैल करावी लागते. ती मग घट्ट राहावी म्हणून आणखी खटाटोप करावा लागतो, आणि ते काम महाग पडतं.

प्रत्यक्ष काम बघण्यासारखं असतं. आधी सिलिंडर काढायचा, नळीखालची रिकाम्या काडतुसांना बाहेर ढकलणारी दांडी तिच्या घरासकट उतरवायची. नळी आणि चौकट यांच्या सांध्यावर खालच्या बाजूने सुईसारखी बारीक रेघ ओढायची. नळी किती फिरली, ते या रेघेचे दोन तुकडे सांगतात. नळी लाकडी ठोकळ्यांत धरून वाइसमध्ये आवळायची आणि चौकटीला तिच्याच आकाराचा पाना लावायचा. चौकटीच्या खिडकीत हातोडीचा दांडा घालून पिळणारे लोकही आहेत. त्यात चौकट वाकते आणि हत्यार कायमचं बाद होतं. चार-पाच अंश फिरवलं की बहुधा पुरतं. तेवढ्याने नळी मिलिमीटरच्या साधारण पन्नासाव्या भागाइतकी मागे सरकते, म्हणून तिच्यात आणि सिलिंडरमध्ये फट उरली का, ते मापपट्टीने पाहायचं. याहून जास्त फिरवलं तर माशी कललेली दिसते आणि दांडीचं घर तिरपं बसतं.

चूक थोडी असेल तर माशीची उजवी बाजू कानशीने घासतात, म्हणजे उरलेल्या माशीचा मध्य डावीकडे सरकतो. किंवा मागची खाच उजव्या अंगाने रुंद करतात. माशीची उंची घासली तर गोळी वर चढते. घासलेलं लोखंड परत येत नाही, म्हणून दोन हात कानस, मग पुन्हा गोळ्या झाडून पाहणं, असं संथपणे चालतं. आणि ते ज्या काडतुसाने करायचं, तेच पुढे वापरायचं. जड गोळी नळीत जास्त वेळ राहते, तोवर धक्क्याने तोंड उचललेलं असतं, त्यामुळे ती हलक्या गोळीपेक्षा वर लागते. या रिव्हॉल्वरची मूळ गोळी २५५ ग्रेनची, म्हणजे साधारण साडेसोळा ग्रॅमची होती. हलकी भरली की जुळलेला नेम पुन्हा ढळतो.

आपल्याकडे हे काम हौसेने घरी करता येत नाही. १९५९ च्या शस्त्र कायद्याप्रमाणे हत्यार दुरुस्तीचा व्यवसाय परवान्याशिवाय चालवता येत नाही, त्यामुळे आजोबांच्या नावावरून वारशाने आलेलं, परवान्यावर चढलेलं रिव्हॉल्वरही परवानाधारक दुकानातच न्यायला हवं.

जुन्या वस्तूचं मोल हा शेवटचा प्रश्न. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस लष्कराने स्वतःच आपल्या साडेसात इंची नळ्या कापून साडेपाच इंच केल्या. कामाच्या हत्याराचं मूळ रूप जपायची तेव्हा कुणाला गरज नव्हती. आज मूळ रंगाच्या, अस्पर्श नगाला संग्राहक मोठी किंमत देतात, आणि कानशीचा एक ओरखडाही ती उतरवतो. अशा नगाच्या बाबतीत जाणता कारागीर काम नाकारतो आणि मालकाला नेम थोडा उजवीकडे धरायला सांगतो.