पुसलेल्या फिती आणि ‘डॉक्टर हू’चे पुनर्दर्शन

एखादी दीर्घ मालिका पहिल्या भागापासून पुन्हा पाहायला घेणे हा बहुतेकांच्या दृष्टीने सवडीचा प्रश्न असतो. परंतु बीबीसीच्या ‘डॉक्टर हू’ या विज्ञानकथा-मालिकेच्या बाबतीत सवड असूनही भागत नाही, कारण तिच्या पहिल्या सहा वर्षांतील २५३ भागांपैकी कितीतरी भागांची चित्रफीतच उरलेली नाही. २३ नोव्हेंबर १९६३ रोजी सुरू झालेली, १९८९ मध्ये थांबलेली आणि २००५ पासून नव्याने उभी राहिलेली ही मालिका ‘डॉक्टर’ एवढ्याच नावाने ओळखल्या जाणाऱ्या परग्रहवासी कालप्रवाशाची आहे. त्याचे यान बाहेरून पोलिसांच्या निळ्या दूरध्वनी-कक्षाएवढे दिसते आणि आतून मात्र अवाढव्य असते.

मूळचे लखनौचे असलेले वारिस हुसेन यांनी दिग्दर्शित केलेला पहिला भाग अमेरिकी अध्यक्ष केनेडी यांच्या हत्येच्या दुसऱ्याच दिवशी प्रसारित झाला आणि त्या संध्याकाळी काही भागांत वीजही गेलेली असल्याने पुढच्या शनिवारी दुसऱ्या भागाच्या आधी तो पुन्हा दाखवण्यात आला. पुनर्दर्शनाचा असा योग पुढे फार क्वचित आला. नटांच्या संघटनेशी झालेल्या करारांनी पुनःप्रसारणावर मर्यादा घातल्या होत्या, कारण जुनेच कार्यक्रम वारंवार दाखवले गेले तर नव्या कामाच्या संधी घटतील, अशी नटांची रास्त भीती होती. शिवाय दोन इंच रुंदीची चुंबकीय फीत महाग होती आणि ती पुसून पुन्हा वापरता येत असे. ज्या कार्यक्रमाला पुन्हा दाखवण्याचे प्रयोजन उरलेले नाही, त्याची फीत अडवून ठेवणे हिशेबनिसाच्या नजरेतून उधळपट्टीच होती. आज या व्यवहाराला अडाणीपणा म्हणणे सोपे आहे, पण प्रेक्षक कधीकाळी मालिका विकत घेऊन घरी पाहतील, ही कल्पना तेव्हा विज्ञानकथेतच शोभली असती.

जे वाचले ते प्रामुख्याने परदेशी विक्रीमुळे. पडद्यावरील चित्र १६ मिलिमीटरच्या चित्रपट-फितीवर कॅमेऱ्याने टिपून घेण्याची पद्धत होती आणि अशा प्रती देशोदेशीच्या दूरचित्रवाणी केंद्रांकडे जात. करार संपला की त्या परत पाठवायच्या, नष्ट करायच्या किंवा पुढच्या देशाकडे रवाना करायच्या. स्वतः बीबीसीने आपल्याकडील प्रती १९७० च्या दशकात नष्ट केल्या आणि १९७८ च्या सुमारास हा प्रकार थांबला. त्यानंतर शोध सुरू झाला : १९९० च्या दशकाच्या आरंभी हाँगकाँगमधून एका कथेचे चारही भाग परत आले, तर २०१३ मध्ये नायजेरियात सापडलेले नऊ भाग जाहीर झाले आणि हरवलेल्या भागांची संख्या १०६ वरून ९७ वर आली. त्या नऊ भागांमुळे ‘द वेब ऑफ फिअर’ ही कथा जवळजवळ पूर्ण झाली. तिसरा भाग तेवढा मिळाला नाही.

हरवलेल्या भागांचा आवाज मात्र एकूण एक शिल्लक आहे, आणि त्याचे श्रेय कोणत्याही संस्थेला नव्हे, तर दूरचित्रवाणी संचासमोर ध्वनिमुद्रक लावून बसणाऱ्या त्या काळच्या प्रेक्षकांना जाते. या ध्वनिफितींच्या आधारे आणि पडद्यावरून टिपलेल्या स्थिरचित्रांच्या साहाय्याने काही भाग ॲनिमेशनच्या रूपात पुन्हा घडवण्यात आले. १९६६ मध्ये डॉक्टरच्या भूमिकेत विल्यम हार्टनेल यांच्या जागी पॅट्रिक ट्रॉटन आले, तेव्हा नायकाचा देहच बदलतो अशी युक्ती योजली गेली आणि मालिकेच्या दीर्घायुष्याचे रहस्य तीच ठरली. हा बदल दाखवणारा भाग आज संपूर्ण उपलब्ध नाही, परंतु ‘ब्लू पीटर’ या मुलांच्या कार्यक्रमात वापरला गेल्यामुळे देहांतराचा प्रसंग तेवढा वाचला. हस्तलिखितांच्या तुटक प्रतींवरून मूळ ग्रंथ सिद्ध करणाऱ्या पाठचिकित्सकाचेच हे काम, फक्त भूर्जपत्राच्या जागी फीत.

जे भाग उपलब्ध आहेत ते सलग पाहतानाही वेगळीच अडचण उभी राहते. सुमारे २५ मिनिटांचा एक भाग, त्याच्या शेवटी संकटात सापडलेले पात्र आणि मग आठवडाभराची प्रतीक्षा, अशी या कथांची बांधणी होती. एका बैठकीत सहा भाग पाहणाऱ्याला तेच ते पकडले जाणे, निसटणे आणि बोळांतून धावणे कंटाळवाणे वाटते. हा दोष लेखकांच्या माथी मारणे अन्यायाचे आहे, कारण मधले सहा दिवस हाही त्या रचनेचाच घटक होता आणि नेमका तोच जतन करता येत नाही. नोव्हेंबर २०२३ मध्ये, मालिकेच्या साठाव्या वर्षी, बीबीसीने डेलेक या यंत्रकवचातील शत्रूंची सात भागांची पहिली कथा रंगीत करून अवघ्या ७५ मिनिटांत बसवली. ती वेगवान झाली, पण कथेतला धास्तीचा अवकाश तिच्यातून निघून गेला.

त्याच महिन्यात बीबीसीने आपल्या आयप्लेयर या सेवेवर मालिकेचे आठशेहून अधिक कार्यक्रम एकत्र उपलब्ध करून दिले, मात्र हुसेन यांनी दिग्दर्शित केलेली पहिलीच कथा, तिची फीत शाबूत असूनही, हक्कांच्या प्रश्नामुळे त्यांत नव्हती. त्यामुळे तेथे आरंभापासून पाहू इच्छिणाऱ्यांना दुसऱ्या कथेपासून सुरुवात करावी लागली.