चोकचा ‘सी’ कुठे गेला?

१ जून ते ३१ जुलै या पावसाळी मासेमारीबंदीच्या काळात वसईच्या पाचूबंदरच्या होड्या किनाऱ्यावर विसावलेल्या असतात. पुन्हा पाण्यात लोटण्याआधी त्यांची डागडुजी होते, रंग लागतो आणि बाजूवरचं नाव नि ‘आयएनडी-एमएच’ने सुरू होणारा नोंदणी क्रमांक नव्यानं रंगवला जातो. खाऱ्या पाण्यात अक्षर टिकायचं नाही, हे कोळीवाड्यानं धरूनच ठेवलंय.

जुन्या मोटारीच्या नॉबवरच्या अक्षरांची अशी वार्षिक काळजी कुणी घेत नाही. थंड इंजिन सुरू करताना ओढायच्या चोकच्या नॉबवरचा ‘सी’ गेला तरी मालकाचं अडत नाही, हाताला सवय असते. गाडी दुसऱ्याच्या हाती गेली की वायपर लावायला चोक ओढला जातो आणि इंजिन पेट्रोल पिऊन गुदमरतं.

आपल्याकडे जुनी मोटार म्हटलं की आधी पद्मिनीच आठवते. वालचंद हिराचंद यांच्या प्रीमियर ऑटोमोबाइल्सनं फियाटची ११०० कुर्ल्यात बांधायला घेतली आणि १९७४पासून तीच गाडी ‘पद्मिनी’ या नावानं धावू लागली. १०८९ सीसीचं इंजिन, गियर स्टीअरिंगखाली, चोक हातानं ओढायचा. २००३ साली नोंदलेली शेवटची पद्मिनी टॅक्सी वीस वर्षांची मुदत संपल्यावर ऑक्टोबर २०२३मध्ये मुंबईच्या रस्त्यावरून उतरली. आता उरल्यात त्या हौशी मालकांच्या गाड्या. त्यांचं इंजिन बांधून देणारा मेकॅनिक भेटतो, टपाचा पत्रा ठोकून देणारा डेंटरही भेटतो. अक्षरांसाठी मात्र स्वतःच बसावं लागतं.

आणि बसण्याआधी एकच गोष्ट बघायची: अक्षर कोरलेलं आहे की छापलेलं? नॉब उन्हात तिरपा धरून नख फिरवा. नख अडकलं तर अक्षर कोरीव, आणि निम्मं काम झालंच म्हणून समजा. पाचूबंदरला लागूनच असलेल्या वसई किल्ल्यात फ्रान्सिस्कन चर्चच्या जमिनीवर पोर्तुगीज थडग्यांचे दगड आहेत. १७३९मध्ये चिमाजी आप्पांनी किल्ला घेतला, त्याच्याही आधीची अक्षरं त्यांवर आजही बोटाला लागतात. कोरीव अक्षरातला रंग जातो, अक्षर जात नाही.

जुन्या ब्रिटिश धर्तीच्या गाड्यांत बेकेलाइटचे काळे नॉब असत, त्यात खोदून पांढरा रंग भरलेला. बेकेलाइट म्हणजे लिओ बेकलंडनं १९०७मध्ये तयार केलेलं, तापवून पुन्हा न वितळणारं प्लास्टिक. उन्हानं ते तपकिरी पडतं, बोटांचा घाम आणि मळ खाचेत बसतो, आणि खाचेतला रंग खपलीसारखा सुटतो.

नॉब काढताना घाई नको. काहींना मागे बारीक स्क्रू असतो, काहींना बाजूच्या भोकातून दाबायची स्प्रिंगची खीळ. कोमट साबणपाण्यानं धुवा, खाच टूथपिकनं कोरा. टाचणीनं ओरखडे पडतात. डॅशबोर्डच्या चकचकीत स्प्रेमधलं सिलिकॉन राहिलं तर नवा रंग थेंब-थेंब होऊन पळतो, म्हणून शेवटी आयसोप्रोपिल अल्कोहोलचा हात फिरवायचा, तोही आधी नॉबच्या मागच्या बाजूला लावून बघूनच. मग इनॅमलचा एक थेंब खाचेत, आजूबाजूला सांडला तरी चालेल. रंग जरा ओढला की गुळगुळीत लाकडाच्या तुकड्यावर कापड ताणून, त्याला टर्पेंटाइनचा नुसता वास लावून, वरचा रंग पुसायचा. पुसायचं ते रेषेला आडवं. रेषेच्या दिशेनं पुसलंत तर खाचेतला रंगही कापडाबरोबर बाहेर येतो.

एकदम पांढराशुभ्र रंग भरू नका. पन्नास वर्षांच्या नॉबवर तो नव्या कवळीसारखा दिसतो. पांढऱ्यात पिवळ्याचा कण मिसळला की जुळतो. काही जण मेणखडू घासून मोकळे होतात. पण उन्हात उभ्या गाडीचा डॅशबोर्ड ७० अंशांपर्यंत तापू शकतो, आणि मेण त्याच्या बरंच आधी मऊ पडतं.

छापलेल्या अक्षराची गोष्ट वेगळी. सपाट प्लास्टिकवर स्क्रीन प्रिंटिंगनं बसवलेली शाई एकदा झिजली की खाली काहीच उरत नाही. अमेरिकेत १९६८पासून नियंत्रणांवर ओळख लिहिणं नियमानं बंधनकारक झालं. छापणं स्वस्त, त्यामुळे पुढच्या काळातल्या गाड्यांत हीच शाई जास्त. इथं शिल्लक अक्षराचा सरळ समोरून फोटो काढून, पाण्यानं चिकटणारं डेकल करून घ्यायचं आणि वर पारदर्शक लॅकर मारायचा. मूळ नॉब मॅट असेल तर लॅकरही मॅटच हवा, नाहीतर ठिगळ लांबून ओळखू येतं. गोल, फुगीर नॉबवर डेकलला सुरकुत्या पडतात. तिथं निम्मं पुसलेलं अक्षर तसंच ठेवलेलं बरं, असं माझं मत. थिनर किंवा अ‍ॅसिटोन मात्र कुठल्याच नॉबजवळ आणू नका: एबीएस प्लास्टिक त्यात विरघळतं.

जुने नॉब अजून कुर्ल्याच्या सीएसटी रोडवर आणि चोरबाजारात हाती लागू शकतात, पण साल बदललं की नॉबही बदलतो, आणि तो बसेलच याची खात्री नसते. तेव्हा घरातली जुनी गाडी भंगारात देणार असाल, तर देण्याआधी डॅशबोर्डचे नॉब तेवढे काढून डब्यात ठेवा आणि डब्यावर गाडीचं साल लिहा.