साभार परत

आमच्यासारख्या युनियनच्या माणसाला व्याख्यानमालेत उभे केले, की तो बोनस आणि महागाईभत्ता यांवर बोलणार, अशी श्रोत्यांची समजूत असते. आज तो विषय नाही. गेली तीस वर्षे आम्ही मासिकांकडे छोट्या कथा पाठवीत आलो आहोत, आणि त्यांतील बहुतेक परत आल्या आहेत. हा व्यवहार कसा चालतो आणि परत आलेल्या कथेचे काय करावयाचे, एवढेच सांगावयाचे आहे. आपल्यापैकी कित्येकांच्या कपाटात एखादी वही असेलच. तेव्हा विषय अगदी परका नाही.

शाळा आम्ही सातवीत सोडली. पुढचे शिक्षण दोन ठिकाणी झाले : पाळी सुटल्यावर नगरवाचनालयात, आणि कामगारांचे अर्ज लिहिता लिहिता. अर्ज लिहिणाऱ्याला एक गोष्ट लवकर समजते. काय घडले हे नीट विचारून घेतले नाही, तर अर्ज पहिल्याच सुनावणीत पडतो. कथेलाही हाच नियम लागू आहे, हे कळावयास मात्र आम्हाला वर्षे लागली.

१९९५ साली आम्ही पहिली कथा लिहिली. भोसरीच्या एका लहान कारखान्यात आमच्या एका सोबत्याची दोन बोटे पॉवर प्रेसखाली गेली होती. आमच्या कथेत तो किंकाळी फोडतो, सारे कामगार धावतात, आणि शेवटी एक पुढारी दीड पान भाषण करतो. हा पुढारी कोण, हे सांगावयास नकोच. फुलस्केपच्या एका बाजूस, समास सोडून, सुवाच्य अक्षरात कथा उतरविली. सोबत स्वतःचा पत्ता लिहिलेले व तिकीट लावलेले पाकीट जोडले आणि एका मासिकाकडे रवाना केली. दोन महिन्यांनी तेच पाकीट घरी आले. आत छापील चिठ्ठी : साभार परत. दुसऱ्या मासिकाकडूनही कथा परत आली; पण या वेळी चिठ्ठीच्या कोपऱ्यात पेन्सिलीने एक ओळ होती. भाषण ऐकू येते, माणूस दिसत नाही, अशा अर्थाची.

आम्ही भडकलो. या पांढरपेशांना प्रेस म्हणजे छापखाना एवढेच ठाऊक, असे चार ठिकाणी बोलूनही दाखविले. मग एके दिवशी जेवणाच्या सुट्टीत ती कथा आम्ही त्या सोबत्यालाच वाचून दाखविली. त्याने शेवटपर्यंत ऐकून घेतली आणि म्हणाला, “बाकी समदं बरोबर हाय, भाऊ. पण मी वरडलो न्हवतो. आधी मशीन बंद केलं. मला सोडवाय त्यो नवा हेल्पर हात घालत हुता.”

संपादकाला जो माणूस दिसला नव्हता, तो आम्हालाही दिसला नव्हता, कारण आम्ही त्याला विचारलेच नव्हते. अकरा पानांची कथा चार पानांवर आली. पुढारी गेला, भाषण गेले. १९९८ साली एका लहान त्रैमासिकाने ती छापली. मानधन म्हणून अंकाच्या दोन प्रती मिळाल्या.

परंतु परत आलेली प्रत्येक कथा कच्चीच असते, असे मात्र समजू नये. अंक कसा भरतो ते पाहा. १९०९ साली काशीनाथ रघुनाथ मित्र यांनी ‘मनोरंजन’चा दिवाळी अंक काढला आणि तेव्हापासून आपल्याकडे लेखनाचा मोठा हंगाम दिवाळीचा ठरला. समजा, दोनशे पानांचा अंक आहे. त्यातील काही पाने जाहिरातींची. त्यांवरच अंकाचा खर्च निघतो. बरीचशी पाने नामवंतांकडून आधीच मागविलेल्या मजकुराची. उरलेल्या थोड्या पानांसाठी टपालातून आलेला ढीग. लहान नियतकालिकात तर संपादक, मुद्रितशोधक आणि वर्गणी गोळा करणारा हा बहुधा एकच इसम असतो. तेव्हा जागा नाही, लांबी जास्त, तसाच मजकूर आधी घेतलेला, पावसाळा संपताना पाठविलेला, अशा कारणांनीही चांगली कथा परत येते.

आणखी एक कारण असते आणि ते बोलावयास अवघड आहे. काही जगणे संपादकाच्या ओळखीचेच नसते. ‘सत्यकथा’ मासिकाचे उदाहरण घ्या. श्री. पु. भागवत आणि राम पटवर्धन हे संपादक लेखकांना सविस्तर पत्रे लिहीत, कथा पुन्हा लिहावयास लावीत. असा कष्टाळू वाचक मिळणे हे लेखकाचे भाग्यच. तरीही १९६९ साली काही तरुण लेखकांनी त्याच मासिकाचा अंक जाळला. आपल्याला तिथे दार नाही अशी त्यांची भावना होती. १९८२ साली ते मासिक बंद पडले. आमच्या मते दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत. ज्यांना दार मिळाले नाही त्यांनी लघुनियतकालिके काढली, तेव्हाच्या औरंगाबादेत गंगाधर पानतावणे यांनी ‘अस्मितादर्श’ चालविले, आणि मराठी साहित्याचे घरच त्यामुळे मोठे झाले.

मग दोष कथेचा की दाराचा, हे ओळखावयाचे कसे? आमची कसोटी साधी आहे. ज्यांची ती गोष्ट आहे त्यांना वाचून दाखवा. त्यांनी चूक काढली तर निमूटपणे घरी जाऊन पुन्हा लिहा. त्यांना ती खरी वाटली आणि तरीही परत आली, तर खचू नका. दुसरे दार ठोठवा, आणि कोठेच दार नसेल तर चौघे मिळून नवे बसवा. मात्र पहिली पायरी चुकवून दुसरीवर उडी घेऊ नये. आम्ही ती घेतली होती.

संपादकांकडेही एक मागणी आहे. आता मजकूर ईमेलने जातो. पाकीट गेले, तिकीट गेले, आणि त्यांच्याबरोबर बऱ्याच ठिकाणी ‘साभार परत’ही गेले. सहा सहा महिने काहीच कळत नाही. मालकाने मागणी फेटाळली तर तिच्याविरुद्ध पुढे जाता येते; मालक उत्तरच देत नाही तेव्हा माणूस दारात नुसता उभा राहतो. तीन महिन्यांत नकाराची एक ओळ, एवढे जरूर व्हावे. आणि लेखकांनीही आपली बाजू सांभाळावी. नक्कल जवळ ठेवावी, एक कथा एका वेळी एकाच ठिकाणी पाठवावी, आणि जेथे पाठवावयाची त्या मासिकाचा अंक निदान एकदा विकत घेऊन वाचावा.

त्या दोन प्रतींपैकी एक आम्ही आमच्या सोबत्याला दिली होती. पुढे त्याच्या नुकसानभरपाईच्या कामासाठी कागद पाहावयास त्याच्या घरी गेलो. त्याने ट्रंकेतून प्लॅस्टिकची पिशवी काढली. डॉक्टरांचा दाखला, अपघाताची नोंद, पगाराच्या पावत्या, आणि त्यांच्याच खाली, घडी न मोडलेला, तो अंक होता. आम्ही विचारले, हा यात कशाला? तो म्हणाला, “ह्यात बी तसंच लिवलंय की, जसं झालं तसं.”