गॅस संपत नसतो

एप्रिलचा दुसरा आठवडा, दुपारचे अडीच. कोथरूडच्या एखाद्या तिसऱ्या मजल्यावरून फोन जातो, ''दादा, एसीचा गॅस संपलाय, आजच्या आज भरून द्या.'' पलीकडचा मेकॅनिक विचारतो, एसी कितीचा? घेतला कधी? बाहेरच्या युनिटवरच्या पट्टीवर काय लिहिलंय? घामाने निथळणाऱ्या ग्राहकाला ही चौकशी उगाचच वाटते. पण स्कूटरच्या पायदानावर आज कुठला कॅन ठेवायचा, हे मेकॅनिक त्या तीन उत्तरांवर ठरवतो. चुकीचा कॅन नेला तर एक खेप वाया जाते. चुकीचा कॅन नेऊन तोच भरला, तर मात्र कॉम्प्रेसर जातो आणि कधीकधी त्याहूनही जास्त काही जातं.

पेट्रोल संपतं, स्वयंपाकाचा गॅस संपतो, कारण ते जळतात. एसीतला गॅस जळत नाही. बंद नळ्यांत तो फिरत राहतो. आतल्या कॉईलमध्ये उकळून खोलीतली उष्णता घेतो, कॉम्प्रेसर त्याला दाबतो, बाहेरच्या कंडेन्सरमध्ये तो उष्णता टाकून पुन्हा द्रव होतो. यंत्र धड असेल तर पंधरा वर्षांनीही वजन तेवढंच भरायला हवं. कमी झालं याचा अर्थ कुठेतरी फ्लेअर नट सैल आहे, कॉईलला बारीक छिद्र पडलंय किंवा नळ्या जोडणारं ब्रेझिंग कच्चं आहे. म्हणून मेकॅनिकने कुठले गॅस बाळगावेत, या प्रश्नाची सुरुवात एका वाक्यापासून होते : गॅस संपत नसतो, गळतो. दरवर्षी टॉप-अप करून देणाऱ्याला कॅन जास्त लागतात. गळती शोधणाऱ्याला नायट्रोजन आणि साबणाचं पाणी जास्त लागतं.

त्या कॅनांच्या रांगेत जवळपास शंभर वर्षांचा इतिहास उभा आहे. १९२०च्या दशकात घरगुती फ्रिजमध्ये सल्फर डायऑक्साइड, अमोनिया किंवा मिथिल क्लोराइड असे. पहिले दोन विषारी. मिथिल क्लोराइड विषारी तर आहेच, शिवाय पेट घेणारं. गळतीने माणसं मरत होती. अमेरिकेत थॉमस मिजली आणि त्याच्या सहकाऱ्यांनी १९२८मध्ये क्लोरीन-फ्लोरीनची संयुगं पुढे आणली. १९३०मध्ये रसायनशास्त्रज्ञांच्या सभेत मिजलीने तो वायू स्वतः छातीत भरून घेतला आणि त्याच फुंकरीने पेटती मेणबत्ती विझवली. विषारी नाही आणि ज्वलनशीलही नाही, हे एका श्वासात सिद्ध झालं. तोच पुढे आर-१२ म्हणून घराघरातल्या फ्रिजमध्ये गेला. त्याचा धाकटा भाऊ आर-२२ एसीत गेला. आपल्याकडच्या जुन्या मेकॅनिकांच्या तोंडी आजही 'मॅफ्रॉन' हे नाव येतं. ते एका भारतीय कंपनीचं ब्रँडनाव, पण बोलण्यात त्याचा अर्थ झाला 'एसीचा गॅस'.

या वायूंचा मोठा गुण म्हणजे स्थैर्य, आणि दोषही तोच निघाला. मोलिना आणि रोलंड या रसायनशास्त्रज्ञांनी १९७४मध्ये दाखवलं, की हे रेणू न तुटता वर पोचतात आणि त्यातला क्लोरीन ओझोन खातो. १९८५मध्ये अंटार्क्टिकावरचं ओझोनचं विवर जगासमोर आलं, १६ सप्टेंबर १९८७ला माँट्रियल करार झाला. भारत त्यात १९९२मध्ये सामील झाला. १ ऑगस्ट २००८पासून आपल्याकडे आर-१२ गटातल्या वायूंचं उत्पादन, औषधी इन्हेलरसारखे अपवाद वगळता, थांबलं. आर-२२ ओझोनला आर-१२च्या साधारण एक-विसांश इतकाच घातक असल्याने त्याला मुदत जास्त मिळाली. पण १ जानेवारी २०२५पासून त्याच्यावर चालणारी नवी यंत्रं भारतात बनवायची नाहीत. २०३०पर्यंत त्याचा वापर जवळपास संपवायचा, आणि पुढे २०४०पर्यंत फक्त जुन्या यंत्रांच्या दुरुस्तीसाठी मूळ पातळीच्या सरासरी अडीच टक्के एवढीच सवलत.

आता मनाशी एका मेकॅनिकचा दिवस मांडून पाहू.

सकाळी सदाशिव पेठेत एक जुना विंडो एसी. पट्टीवर आर-२२. परत येणाऱ्या थंड गॅसचा दाब गेजवर सत्तर पीएसआयच्या आसपास, तेल खनिज. ओळखीचं काम. अशी यंत्रं अजून बरीच चालू आहेत, म्हणून हा कॅन पिशवीत हवा. पण मोठा साठा करण्यात शहाणपण नाही.

दुसरा फोन कोथरूडचा. स्प्लिट, इन्व्हर्टर, चार वर्षांचा. आजच्या घरगुती एसीचा मुख्य गॅस आर-३२. इथे तोच दाब सव्वाशेच्या घरात जातो. आर-२२साठी घेतलेले जुने गेज आणि पाइप इथे चालत नाहीत. कॅन उन्हात ५० अंशांपर्यंत तापला, तर आर-२२च्या कॅनमध्ये सुमारे १९ बार दाब होतो आणि आर-३२च्या कॅनमध्ये ३१ बारपर्यंत. एप्रिलच्या उन्हात स्कूटरवर कॅन उघड्यावर ठेवून चहाला जाणाऱ्याने हा आकडा लक्षात ठेवावा. आर-३२ किंचित ज्वलनशील आहे. हवेत चौदा टक्क्यांच्या वर साठला तरच पेटतो, तेव्हा घाबरून जाण्याचं कारण नाही. पण बंद खोलीत गॅस सोडून लगेच ब्रेझिंगचा टॉर्च पेटवायला तो आर-२२ नव्हे.

तिसरं काम एका कार्यालयात : आर-४१०ए. हा आर-३२ आणि आर-१२५ यांचं वजनाने निम्मंनिम्मं मिश्रण. मिश्रणाचा नियम असा, की कॅनमधून द्रव घ्यायचा, वाफ नाही. नाहीतर हलका घटक आधी निघून जातो आणि यंत्रात भलतंच प्रमाण भरलं जातं. आर-४१०एचे दोन घटक जवळजवळ एकाच तापमानाला उकळतात, म्हणून तो थोडी चूक पोटात घालतो. आर-४०७सी हे दुसरं मिश्रण घालत नाही. त्यातून अर्धा गॅस गळाला असेल, तर उरलेला काढून पूर्ण नव्याने भरणंच बरं. हे दोन्ही कॅन रोज बाळगण्याची गरज नाही. फोनवर यंत्र ओळखलं, की दुकानातून न्यावेत.

चौथं काम दूधवाल्याच्या दुकानात, आणि पिशवीची खरी परीक्षा इथे. शेजारी शेजारी दोन यंत्रं : जुना डीप फ्रीझर आर-१३४एवर, नवा फ्रिज आर-६००एवर. आर-६००ए म्हणजे आयसोब्युटेन, सिगारेट लायटरमधल्या वायूचा सख्खा भाऊ. घरगुती फ्रिजमध्ये तो जेमतेम चाळीस-पन्नास ग्रॅम असतो. आता गेजला लावलेल्या लांब पाइपमध्येच काही ग्रॅम अडकून राहतात, हे लक्षात घ्या. 'अंदाजाने थोडा सोडला' हा जुना हात इथे साफ फसतो; वजनकाटा लागतो, तोही दोन-चार ग्रॅम दाखवणारा. शिवाय या फ्रिजच्या थंड बाजूचा दाब अनेकदा हवेच्या दाबाहून कमी असतो. छिद्र पडलं, की गॅस बाहेर येण्याआधी हवा आणि ओलावा आत ओढला जातो. आणि नळी कापण्याआधी आतला वायू बाहेर मोकळ्या हवेत नेला नाही, तर ब्रेझिंगची ज्योत भलतंच काम करते. म्हणून पुष्कळजण अशा फ्रिजवर ज्योतीऐवजी दाबून बसवायची रिंग वापरतात.

तेलाचा हिशेबही इथेच येतो. आर-२२ आणि आर-६००ए खनिज तेलाबरोबर नांदतात. आर-१३४ए, आर-४१०ए आणि आर-३२ यांना पीओई नावाचं कृत्रिम तेल लागतं, आणि ते पावसाळ्यातल्या मिठासारखं हवेतलं पाणी पितं. तेलाचा डबा उघडा राहिला, व्हॅक्यूम पंप घाईत पाच मिनिटांत काढला, तर पाणी आणि तेल मिळून आत आम्ल तयार होतं. मग काही महिन्यांनी कॉम्प्रेसर जळतो आणि दोष गॅसवर जातो.

या सगळ्या पसाऱ्यात मोह एकच असतो : सगळ्यांना चालेल असा एक गॅस नाही का? आर-२९० म्हणजे प्रोपेन, याचे दाब आर-२२च्या इतके जवळ आहेत, तेलही तेच चालतं, की मोह होतोच. गोदरेजने २०१२च्या सुमारास जर्मन सहकार्याने आर-२९०चे स्प्लिट एसी बाजारात आणले, तेव्हा यंत्रच त्या वायूसाठी घडवलं होतं. गॅसचं वजन मर्यादित, ठिणगी पडेल असे भाग वेगळे, तंत्रज्ञांना प्रशिक्षण. तोच वायू जुन्या आर-२२च्या एसीत घालणं म्हणजे रिले आणि स्विच जिथे ठिणग्या टाकतात तिथे सिलिंडर उघडणं. स्वयंपाकाचा गॅस भरण्याचा विचार तर त्याहून वाईट. त्यात प्रोपेन-ब्युटेनचं प्रमाण ठरलेलं नाही आणि वासाचं रसायन वेगळंच.

स्वस्त आणि बनावट कॅनची गोष्ट तर थेट १९२०च्या दशकात नेऊन सोडते. २०११मध्ये व्हिएतनामसह काही देशांत बंदरांवरच्या थंड कंटेनरांचे स्फोट होऊन कामगार मेले. त्यांत आर-१३४ए म्हणून जो वायू भरला होता, त्यात मिथिल क्लोराइडची भेसळ निघाली. ॲल्युमिनियमच्या भागांशी त्याची अभिक्रिया होऊन हवा लागताच पेटणारं संयुग तयार झालं होतं. नाशिकची द्राक्षं न्हावा-शेव्याहून अशाच कंटेनरांत युरोपला जातात. शंभर वर्षांपूर्वी ज्या वायूला मिजलीच्या फुंकरीने हद्दपार केलं, तो कॅनवरच्या खोट्या लेबलाआडून परत आला. म्हणून पहिला नियम : सीलबंद कॅन, ओळखीचं दुकान आणि पक्कं बिल.

तर मध्यम शहरात घरगुती काम करणाऱ्याच्या पिशवीत रोज काय असावं? आर-३२ आणि कमी होत जाणारा आर-२२. फ्रिजसाठी आर-६००एचा लहान कॅन आणि आर-१३४ए. आर-४१०ए, आर-४०७सी आणि मोठ्या फ्रीझरचा आर-४०४ए मागणीप्रमाणे. आर-२९० फक्त शिकलेल्या हाताने. बर्फाच्या कारखान्यातला अमोनिया तर वेगळीच विद्या, ती स्कूटरवरून चालत नाही.

ही यादी कायमची नाही. माँट्रियल करारातली किगाली दुरुस्ती भारताने २०२१मध्ये मान्य केली. त्यानुसार आर-३२, आर-४१०ए, आर-१३४ए या कुळाचा वापर आपण २०२८मध्ये गोठवायचा, २०३२पासून टप्प्याटप्प्याने कमी करत २०४७पर्यंत ८५ टक्के घटवायचा. कारण ओझोनला ते निरुपद्रवी असले तरी तापमानवाढीत नाहीत. एक किलो आर-४१०ए हवेत गेला, तर त्याचा शंभर वर्षांतला परिणाम सुमारे २०८८ किलो कार्बन डायऑक्साइडइतका. लिटरभर पेट्रोल जाळलं की साधारण २.३ किलो कार्बन डायऑक्साइड निघतो. म्हणजे ते एक किलो जवळजवळ नऊशे लिटर पेट्रोलच्या बरोबरीचं. लिटरला पंचेचाळीस किलोमीटर देणाऱ्या स्कूटरने तेवढ्यात चाळीस हजार किलोमीटर होतात. तोच हिशेब फ्रिजमधल्या चाळीस ग्रॅम आयसोब्युटेनचा केला, तर स्कूटर जेमतेम दोन किलोमीटर जाते.

एसी हलवताना गॅस बाहेरच्या युनिटमध्ये ओढून न घेता 'सोडून द्या' म्हणणारा ग्राहक, भंगारवाल्याच्या कटरखाली फुसकन सुटणारा वायू, गळती न शोधता केलेले तीन टॉप-अप : मेकॅनिकने वर्षभर स्कूटर हाकून जे घडत नाही, ते इथे पाच मिनिटांत घडतं. म्हणून यादीतली शेवटची वस्तू गॅस नाहीच. ती आहे एक रिकामा रिकव्हरी सिलिंडर, ऐंशी टक्क्यांपर्यंतच भरायचा, आणि त्याला जोडायचं छोटं यंत्र. पायदानावर त्याला जागा करायची, तर एखादा कॅन घरी ठेवावा लागेल. गळती शोधून बंद करायची सवय असलेल्याला ती अडचण सहसा येत नाही.