जमा कुणाच्या खात्यात?

मे महिन्यातली जळगावची दुपार. बाहेर ऊन मी म्हणत होतं आणि मी एका फिजिओथेरपी केंद्रात उजवा खांदा उघडा टाकून बसलो होतो. चार महिने हात वर जात नव्हता. शर्ट चढवायला सौभाग्यवतीची मदत, भांग पाडायला डावा हात. ‘फ्रोझन शोल्डर’ असं या दुखण्याचं भारदस्त नाव. मधुमेहवाल्यांवर त्याची विशेष मर्जी, आणि मी त्यांतलाच.

फिजिओ मुलगी गार जेल लावून अल्ट्रासाऊंडचं मशीन खांद्यावर गोल गोल फिरवत होती. ‘आत लहरी पोचताहेत,’ असं मनाशी म्हणत मी डोळे मिटले होते. दुखणं उतरत होतं. एवढ्यात ती थबकली. “काका, सॉरी! मशीन चालूच नव्हतं. प्लग निघालाय.”

मी जन्मभर बँकेत काढला. व्हाउचर नसताना खात्यात रक्कम जमा दिसली, की आमची झोप उडते. इथे तर आराम जमा झाला होता, पण पाठवला कुणी?

घरी येऊन वाचायला बसलो. माझ्यासारखी फजिती शास्त्रज्ञांनी मुद्दाम घडवून पाहिली आहे. अक्कलदाढ काढलेल्या रुग्णांवरचा एक ब्रिटिश प्रयोग 1988 साली प्रसिद्ध झाला. मशीन बंद ठेवून गालावरून फिरवलं, तरी दुखणं आणि सूज कमी झाली होती. यालाच ‘प्लॅसिबो’ परिणाम म्हणतात. तो निव्वळ मनाचा खेळही नव्हे. त्याआधी, 1978 साली, अमेरिकेत दाढ काढलेल्या रुग्णांवरच दिसलं होतं, की अफूचा अंमल उतरवणारं औषध दिल्यावर हा आराम नाहीसा होतो. म्हणजे विश्वास बसला, की शरीर स्वतःच वेदनाशामक द्रव्यं सोडतं.

पण सगळी जमा विश्वासाच्या खात्यातही टाकता येत नाही. आपण उपचाराला जातो ते दुखणं कळसाला पोचल्यावर. तिथून ते बहुधा थोडं उतरतंच. शिवाय पुष्कळांचा आखडलेला खांदा एक ते तीन वर्षांत बराचसा आपणहून मोकळा होतो. म्हणून तर चिठ्ठ्या टाकून रुग्णांचे गट पाडतात आणि खरा उपचार लुटुपुटीच्या उपचाराशी ताडून पाहतात. अशा तपासणीत अल्ट्रासाऊंडच्या बाजूचा पुरावा आजही तोकडाच आहे.

हे ज्ञान घेऊन मी एरंडोल, पारोळा करत धुळ्याला ताईकडे गेलो. इतिहासाचार्य राजवाड्यांचं धुळं हे. अस्सल कागदाशिवाय त्यांचं पान हलत नसे. ताईचं मात्र मशीनवाचून हलत नव्हतं. गुडघे झिजलेले, रोज रिक्षाने जाऊन ती शेक आणि मशीन घेई आणि सांगितलेल्या व्यायामाला सरळ टांग मारी. “मशीन करतंय ना!” मी प्लगची गोष्ट रंगवून सांगितली. ती भडकली. “भाऊ, मन्हा गुडघा माले म्हाईत शे!”

दुसऱ्या दिवशी तिच्यासोबत गेलो. तिथला मुलगा तिचा गुडघा हातात घेऊन अर्धा तास तिचं ऐकत होता. भाऊजी गेल्यापासून ताईचं एवढं कुणी ऐकलं होतं? मीसुद्धा नाही. मी ओशाळलो. हिशेब तपासायच्या नादात मी खरी जमाच खोडायला निघालो होतो.

तरीही नुकसान खरं होतं. गुडघ्याच्या झिजेत व्यायामाने दुखणं काहीसं हटतं, याला पुरावा आहे. आणि मशीनच्या भरवशावर ताई नेमकं तेच सोडून बसली होती. रिक्षा आणि फी वेगळीच.

मग धीर द्यायला खोटं बोलावंच लागतं का? लिस्बनमध्ये जुन्या कंबरदुखीच्या रुग्णांना ‘या गोळ्यांत औषध नाही’ असं स्पष्ट सांगून गोळ्या दिल्या होत्या. नेहमीच्या उपचारात त्यांची भर पडली, तेव्हा तीन आठवड्यांत दुखणं अधिक कमी झालं. 2016 सालची ही गोष्ट. म्हणजे खरं सांगूनही धीर देता येतो. माझ्या जळगावच्या मुलीने दुसरं काय केलं होतं? चूक लपवली असती, तर मला कळलंही नसतं. आता मशीन बाजूला ठेवून ती माझ्याकडून भिंतीवर बोटं चढवून घेते. हात डोक्यापर्यंत जातो. श्रेय किती व्यायामाचं, किती काळाचं आणि किती तिच्या शब्दाचं, हा ताळेबंद काही जुळत नाही.

धुळ्याच्या मुलाशीही बोललो. मशीन बंद झालं; त्या अर्ध्या तासात तो आता व्यायाम घेतो, गप्पा चालूच. ताई रात्री मालिका बघताना खुर्चीतून दहा वेळा उठते, बसते. आणि रोज नऊला मी फोन करतो. तिचं ऐकायला.