शाबासकी नेमकी कशाला?

तंजावूरहून कुंभकोणमकडे जाणारी पॅसेंजर सुंदरपेरुमाळ कोयिलच्या लहानशा स्थानकावर थांबली, तेव्हा समोरच्या बाकावर आठ-नऊ वर्षांची एक मुलगी आजीला गणिताची वही दाखवत होती. पानावर लाल खुणा बऱ्याच होत्या. आजी रागावल्या नाहीत, की ‘हुशार गं माझी’ असेही म्हणाल्या नाहीत. खोडून पुन्हा सोडवलेल्या एका उदाहरणावर बोट ठेवून त्यांनी एवढेच विचारले, ‘हे कसं जमलं तुला?’ कुंभकोणम येईपर्यंत मुलगी सांगत राहिली.

मुलांचे कौतुक करावे, याबद्दल आता दुमत नाही. वाद आहे तो कशाचे करावे याविषयी. म्यूलर आणि ड्वेक या अमेरिकी मानसशास्त्रज्ञांनी १९९८ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत बुद्धीची वाहवा झालेली मुले पहिल्या अपयशानंतर लवकर खचली. मेहनतीची दखल घेतली गेलेली मुले चिकाटीने पुढे गेली. हुशारीचा शिक्का टिकवण्याची धास्तीच मुलांना भित्री करते.

कुंभकोणमला हे वेगळे सांगायला नको. येथील टाउन हायस्कूलचे विद्यार्थी श्रीनिवास रामानुजन यांना १९०४ मध्ये महाविद्यालयीन शिष्यवृत्ती मिळाली आणि गणिताखेरीज इतर विषयांत नापास झाल्याने ती गेलीही. १९१३ मध्ये केंब्रिजच्या हार्डी यांनी त्यांच्या पत्राला उत्तर पाठवले, त्यात नुसती स्तुती नव्हती. सिद्धता पाठवा, अशी मागणी होती. एखाद्याचे काम गंभीरपणे घेणे म्हणजे काय, याचे इतके स्वच्छ उदाहरण मला दुसरे आठवत नाही.

तमिळनाडू सरकारने २०१७ मध्ये दहावी-बारावीच्या निकालातील गुणवंतांची क्रमवारी जाहीर करणे थांबवले. निर्णय योग्यच होता. पण चौकाचौकांतील शिकवणीवर्गांचे फलक, त्यांवरील हसरी छायाचित्रे आणि टक्केवारी कोणत्या आदेशाने उतरणार? (महाराष्ट्रातील वाचकांना हे दृश्य अपरिचित नसावे.) २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने प्रगतिपुस्तकात विद्यार्थ्याचे स्वतःचे व सहाध्यायांचे मूल्यमापन आणण्याचे सुचवले आहे. तो रकाना ‘छान’, ‘उत्तम’ अशा शब्दांनी भरला, तर जुन्या श्रेणीचेच ते नवे नाव ठरेल. गेल्या महिन्यात चुकणारे कोणते उदाहरण आता सुटते आणि ते कसे सुटले, हे लिहायला शिक्षकांना प्रत्येक मुलाची वही निवांत पाहावी लागेल. भरलेल्या वर्गांत तेवढा वेळ कोठून आणायचा, हा प्रश्न मानसशास्त्राचा नाही, शिक्षकभरतीचा आहे.